आधी आपण राहायचं

‘घर पाहावं बांधून’ असं म्हणतात. आमच्याकडे ही म्हण अर्ध्यावर थांबत नाही. बांधून झालं की पाहावं राहून. आमच्या कंपनीने इमारत पुरी केली तरी तिची चावी मालकाला लगेच मिळत नाही. आधी आम्ही घरचे सगळे गाद्या, भांडी, टॉवेल आणि आजोबांची हाताची खुर्ची टेम्पोत घालून तिथे राहायला जातो. सात दिवस. तिथेच स्वयंपाक, तिथेच आंघोळी, तिथेच भांडणं. आठव्या दिवशी सगळं झाडून पुसून चावी द्यायची. मालक घाईत असो, मोठा साहेब असो की बाबांचा शाळेतला मित्र असो, सात म्हणजे सात. करारात तसं कलमच आहे. नवीन मालक ते वाचून हसतात, त्यांना ती छपाईतली चूक वाटते.

हे खूळ आजोबांचं. तेविसाव्या वर्षी, हाताखाली दोन गवंडी आणि खिशात भिंतीचा सरळपणा बघायचा एक ओळंबा एवढ्या भांडवलावर त्यांनी एका शिंप्याच्या दोन खोल्या बांधल्या. स्वतःचं पहिलं काम. मोठ्या ऐटीत चावी दिली. तिसऱ्या दिवशी शिंपी खांद्यावर ओली गादी घेऊन दारात उभा. न्हाणीचा उतार आजोबांनी उलटा दिला होता. शिंप्याची बायको आंघोळ करायची आणि शिंप्याचं अंथरूण भिजायचं. नाचता येईना अंगण वाकडं, असं दुसऱ्या कुणाला तरी म्हणता येतं. आमच्या धंद्यात अंगण खरोखरच वाकडं असतं आणि ते आपणच बांधलेलं असतं. आजोबांनी फरशी उखडून उतार नीट केला, माफी मागितली आणि ठरवलं की यापुढे भिजायचं असेल तर आधी आपण भिजायचं.

दुसऱ्या कामाच्या वेळी त्यांचं नुकतंच लग्न झालं होतं. लोक लग्नानंतर फिरायला जातात. आजी एका अनोळखी डॉक्टरच्या रिकाम्या घरात सात दिवस स्वयंपाक करायला गेली. तिथून पुढे ती एकसष्ट स्वयंपाकघरांत राबली आणि प्रत्येकात काहीतरी खोट काढली. कंपनीची पाटी रंगवली तेव्हा तिच्यावर ‘मिस्त्री आणि मंडळी’ असं लिहिलं. मंडळी म्हणजे आपणच, असं आजी शेवटपर्यंत धरून चालली आणि तिला खोडून काढायची कुणाची हिंमत झाली नाही. तशी ती चुकतही नव्हती.

एकदा आम्हाला पोलीस चौकीचं काम मिळालं. कोठडीसकट. नियम तो नियम. आजोबा आणि आजी कोठडीत जाऊन बसले आणि दार नीट लागतं का ते बघायला शिपायाला म्हणाले, ‘लावा बाहेरून.’ दार उत्तम लागलं. शिपाई चावी खिशात घालून जेवायला गेला. तीन तास! आजोबा संतापाने लालबुंद, आणि आजी मात्र शांतपणे मांडी घालून बसलेली. ती म्हणाली, ‘लग्नाला वीस वर्षं झाली. तुम्ही तीन तास माझ्यासमोर बसलात असं हे पहिल्यांदाच घडतंय.’ आजोबा ही गोष्ट सांगताना आजही इतके हसतात की शेवट आम्हालाच पुरा करावा लागतो.

हे झालं हसण्याचं. या सात दिवसांची दुसरी बाजू अशी की ती आमच्या घरातली परीक्षा आहे. घरातल्या कुणीही स्वतंत्रपणे पहिलं काम केलं की आजोबा त्यात सात दिवस राहणार. पसंत पडलं तर चावी त्याने स्वतःच्या हाताने मालकाला द्यायची आणि पुढचं काम त्याचं. नापास झाला तर चावी आजोबा देणार आणि पुढचं काम नाही. म्हणजे कधीच नाही. बाबा पास झाले. काका नापास झाला. तीस वर्षांपूर्वी त्याने बांधलेल्या जिन्याची नववी पायरी बोटभर उंच झाली होती. त्या सात दिवसांत घरातला प्रत्येक माणूस तिला एकदा तरी अडखळला आणि आजी दुधाच्या पातेल्यासकट. काका तेव्हा चोवीस वर्षांचा होता. तेव्हापासून तो सिमेंट, खडी, नळ, काचा यांची खरेदी बघतो. त्यात त्याचा हात धरणारा कुणी नाही आणि स्वतःच्या जिन्यावर तोच सगळ्यात जास्त विनोद करतो. पण कुठलाही जिना चढताना त्याचे ओठ हलत असतात. तो पायऱ्या मोजत असतो. हे मी लहानपणीच पाहिलं होतं आणि मला ते कधी आवडलं नाही.

आता मी. वय अठ्ठावीस, शिक्षण इंजिनिअरिंगचं, स्वभाव तापट. आजोबा मला ठिणगी म्हणतात. चार वर्षं बाबांच्या हाताखाली उन्हात उभी राहिल्यावर मला माझं पहिलं काम मिळालं. एक बालवाडी. चार खोल्या, लांब व्हरांडा, झाडाखालचं आवार. बालवाडीच्या बाई वीस वर्षं भाड्याच्या जागेत मुलं सांभाळत होत्या आणि आता त्यांची स्वतःची जागा होत होती. साइटवर आल्या की त्या भिंतींकडे बघण्याऐवजी मला खाऊ देत. ‘उंची-बिंची तुम्हीच बघा,’ त्या म्हणाल्या. ‘तुमच्या तीन पिढ्या यात गेल्यात, मी काय सांगणार?’ मी मान डोलावली. नंतर कळलं की डोलावण्याआधी थोडं थांबायला हवं होतं.

आजोबा इमारत कशी तपासतात हे मला पाठ होतं. ते फरशीवर गोटी सोडून बघतात, ती कुठे पळते. दार एका बोटाने ढकलतात. न्हाणीत बादली ओतून घड्याळ बघतात. प्रत्येक खिडकीशी उभे राहून एकेक कप चहा पितात. डोळे मिटून, भिंतीला हात न लावता, झोपायच्या जागेपासून संडासापर्यंत चालत जातात. आता वय अठ्ठ्याऐंशी आणि गुडघे गेलेले, त्यामुळे भिंतीला हात लावायची सूट त्यांनी स्वतःच स्वतःला दिली आहे. बांधकामाचे सगळे महिने माझ्या डोक्यात एकच घोकंपट्टी चालली होती. इथे आजोबा काय करतील? हे आजोबांना चालेल का? मी डोळ्यांत तेल घालून काम केलं. फरशी अशी की गोटी जागची हलेना.

राहायला गेलो तो पहिला दिवस मजेत गेला. दुसराही. आजोबांची गोटी जागच्या जागी बसून राहिली. दारं बोटाने उघडली. आईने मोठ्या खोलीत शेगडी मांडली, बाबांनी आवारात दोरी बांधून कपडे वाळत घातले, काका कोपऱ्यात घोरला. आजोबा इकडून तिकडे फिरत होते, पण हातातली वही कोरी. तिसऱ्या दिवशी ते आईला म्हणाले, ‘सूनबाई, मला इतकी चांगली झोप गेल्या दहा वर्षांत लागली नाही.’ आईने माझ्याकडे बघून भुवया उडवल्या. बाबा पुढच्या कामाचे नकाशे माझ्यासमोर पसरून ठेवायला लागले, सहज हात लागल्यासारखे. काका म्हणाला, ‘पोरी, तू सुटलीस.’ त्या दिवशी मी आनंदाने व्हरांड्यात चक्क फेऱ्या मारत गाणं म्हणत होते, आणि माझं गाणं म्हणजे आमच्याकडे तक्रारीचा विषय आहे.

चौथ्या दिवशी सकाळी आजोबा शेवटच्या खिडकीशी चहा घेऊन उभे राहिले. कप बाजूला ठेवला. कोपर कट्ट्यावर ठेवलं. उचललं, पुन्हा ठेवलं. मग दुसऱ्या खोलीतल्या खिडकीशी गेले आणि तिथेही कोपर ठेवून पाहिलं.

‘सगळ्या बरोबर माझ्या कोपराला लागतात,’ ते म्हणाले.

‘चांगलंच आहे की,’ बाबा म्हणाले.

आजोबांनी खोलीत नजर फिरवली. फरशीवाला ज्यावर बसून काम करतो ती चार चाकांची फळी कोपऱ्यात उभी होती. तिच्याकडे बोट दाखवून ते म्हणाले, ‘ती आणा आणि मला तिच्यावर बसवा.’

‘अहो आजोबा, पडाल!’ मी ओरडले.

‘आजोबा कोण? मी साडेतीन वर्षांचा आहे.’

बाबांनी आणि काकाने त्यांना दोन्ही बाजूंनी धरून फळीवर बसवलं. पाय पुढे पसरलेले, डोकं माझ्या कमरेच्याही खाली. हातांनी फरशी ढकलत ते निघाले. माझी फरशी इतकी सपाट होती की गाडी सुसाट सुटली आणि आई ‘अगंबाई’ करत बाजूला झाली.

‘मला तहान लागली,’ आजोबा बेसिनखाली थांबून म्हणाले.

बाबांनी पेला भरून पुढे केला.

‘तू नाही. माझं मी घेणार.’ त्यांनी हात वर केला. बेसिनचा तळ चाचपला, पाइप चाचपला. ‘वर काय आहे?’

‘नळ आहे,’ मी म्हणाले.

‘असेल बुवा. तुम्ही म्हणताय तर असेल.’

आई हसायला लागली. पुढे ते खुंट्यांखाली गेले. ‘माझं दप्तर मी कुठे अडकवू?’ खुंट्या बाबांच्या खांद्याला लागतील अशा. दाराच्या हँडलला त्यांचं मधलं बोट जेमतेम टेकलं. खिडकीखाली थांबून त्यांनी मान वर केली.

‘बाहेर काय आहे?’

‘झाड आहे, आवार आहे, रस्ता आहे,’ काका म्हणाला.

‘मला आभाळ दिसतंय. तेही चिमूटभर.’ मग त्यांनी गाडी वळवली. ‘आणि आता मला शू लागली आहे. साडेतीन वर्षांच्या माणसाला ती लागली की लागते. बाजूला व्हा!’

तोवर आई भिंतीला टेकून खाली बसली होती आणि पदराने डोळे पुसत होती. बाबांना ठसका लागला होता. अठ्ठ्याऐंशी वर्षांचे मिस्त्री फळीवरून गडगडत संडासाकडे निघाले होते, आणि खरं सांगते, मीही हसत होते. आतमध्ये त्यांनी भांड्याकडे पाहिलं. ते त्यांच्या छातीला लागत होतं. भिंतीला दोन्ही बाजूंनी स्टीलचे मजबूत दांडे होते. एका दांड्याला हात घालून त्यांनी अंग थोडं उचललं. गुडघ्याला कळ न येता उचललं गेलं. ते हसायचे थांबले.

‘हे दांडे कुणासाठी?’ त्यांनी विचारलं. आता आवाज आजोबांचाच होता. ‘साडेतीन वर्षांच्या पोराला उठायला दांडा लागत नाही. कुणासाठी लावलेस?’

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. राग त्यांचा नव्हता, पण निघाला त्यांच्यावर.

‘तुमच्यासाठी!’ मी म्हणाले. ‘गुडघे तुमचे दुखतात म्हणून. बेसिन तुम्हाला वाकावं लागू नये म्हणून. हँडल तुमची बोटं आखडतात म्हणून तसं. खिडक्या तुमच्या कोपराच्या उंचीच्या. लहानपणापासून घरात एकच ऐकलंय, आजोबांना चाललं पाहिजे, आजोबांना चाललं पाहिजे! मग मी काय बांधणार होते? माझ्या डोक्यात मुलं आलीच नाहीत. एकदाही आली नाहीत!’

शेवटचं वाक्य माझ्या कानावर पडलं तेव्हा मलाच त्याचा अर्थ कळला. बालवाडी बांधायला निघाले आणि चारही खोल्या एका म्हाताऱ्याला मापून शिवल्यासारख्या केल्या. करायला गेले एक, असं म्हणायचीही सोय नव्हती, कारण मी जे करायला गेले तेच झालं होतं.

‘मला उठवा,’ आजोबा म्हणाले. बाबांनी त्यांना उठवलं, खुर्ची आवारात झाडाखाली नेऊन ठेवली. ते तिथे पाठमोरे बसले. बाबांनी नकाशे गुंडाळायला घेतले, मग अर्धवट गुंडाळलेले तसेच ठेवले. नापास हा शब्द कुणी उच्चारला नाही. गरजच नव्हती.

मी संडासात दार लावून दहा मिनिटं रडले. छान सोय होती, उठताना दांड्याला धरता आलं. तोंड धुतलं आणि बाईंना फोन लावला.

‘बाई, तुमच्याकडचं सगळ्यात बुटकं मूल किती उंच आहे?’

‘अगं बाई, हे काय मध्येच? थांबा हं. ए बारके, इकडे ये, सरळ उभी राहा. टाचा नको उचलूस. नाही, केस धरायचे नाहीत.’ पलीकडे थोडी झटापट झाली. ‘त्र्याण्णव सेंटिमीटर. का हो?’

‘काही नाही. माप घ्यायचं राहिलं होतं.’

मी लाल खडू घेतला आणि चारही खोल्यांच्या भिंतींवर त्र्याण्णव सेंटिमीटरवर रेघ मारत सुटले. रेघेच्या वर माझं जवळजवळ सगळं बांधकाम होतं आणि खाली नुसती भिंत. काम माझ्या हातून गेलंच होतं, पण इमारत अशीच सोपवणं मला जमणारं नव्हतं. चार दिवस हातात होते. शेवटच्या खोलीत वळले तर काका उभा होता. बाह्या वर दुमडलेल्या, एका हातात हातोडा, दुसऱ्यात छिन्नी.

‘कुठून तोडायचं?’ त्याने विचारलं.

‘काका, मी नापास झालेय.’

‘मग आता आपण दोघं झालो. एकट्याला फार कंटाळा यायचा.’

त्यापुढचे दिवस आठवले की मला अजून उत्साह येतो. काकाने एका दुपारीत लहान मुलांची संडासाची चार भांडी, बुटकी बेसिनं आणि तळहाताएवढी हँडलं पैदा केली. कुठून आणली ते त्यालाच ठाऊक. प्लंबर आला, कपाळाला हात लावला आणि कामाला लागला. बाबा दारांची हँडलं उतरवत होते. आई खुंट्या काढून रेघेखाली ठोकत होती आणि प्रत्येक खुंटीला हात लावून ‘दप्तर’, ‘टोपी’, ‘डबा’ म्हणत होती. खिडक्यांचं काय करायचं ते मला सुचेना. खाली आणायच्या तर अख्खी भिंत उघडावी लागणार.

‘खिडकी राहू दे की आहे तिथे,’ काका म्हणाला. ‘तिच्याखाली दुसरी करू. वर वजन नाही, नुसती विटांची भिंत आहे. दोन फुटांचा चौकोन काढायचा आणि जाड काच बसवायची. मोठे वरून बघतील, छोटे खालून.’

मी त्याच्याकडे बघत राहिले. तीस वर्षं या माणसाला आम्ही वाळूच्या गाड्या मोजायला बसवलं होतं. ‘काका, तू करशील?’ मी विचारलं. खाली बसून त्याने ओळंबा सोडला, तीनदा माप घेतलं आणि चौथ्यांदा पुन्हा घेतलं.

आम्ही राहतच होतो तिथे, नियम मोडला नव्हता. धुळीत शिजवलं, धुळीत जेवलो. आई म्हणाली, भाजीत सिमेंट पडलंय, आता पोटातून तरी कुणी ढासळणार नाही. फक्त आजोबा आत येत नव्हते. दिवसभर झाडाखाली बसत, झोपण्यापुरते आत येत. मला वाटलं, ते माझ्यावर रागावलेत. सहाव्या दिवशी काकाने पहिली खालची खिडकी पुरी केली तेव्हा ते काठी टेकत बाहेरून आले, काचेच्या कडेवरून बोट फिरवलं, एका कोपऱ्यापासून दुसऱ्यापर्यंत आणि परत.

‘काटकोनात आहे,’ ते म्हणाले. ‘चांगली केलीस.’

काका चोपन्न वर्षांचा आहे. तो टेम्पोमागे गेला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला. परत आला तेव्हा म्हणाला, धूळ फार आहे.

सातव्या दिवशी दुपारी शेवटचा नळ बसला. मी आजोबांपुढे जाऊन उभी राहिले. जे काय सांगायचं ते एकदाचं सांगून टाका, असं तोंड करून.

‘उद्या सकाळी चावी द्यायची नाही,’ ते म्हणाले.

इमारतच नाकारणार, असं मला वाटलं.

‘उद्या बाईंना सांग, सगळी पोरं घेऊन या. सकाळपासून संध्याकाळपर्यंत. सात दिवस मी राहिलो. ज्यांची जागा आहे त्यातलं एकही इथे राहिलेलं नाही. मी कोण लागून गेलोय ठरवणारा?’

बावीस मुलं आली. फाटकापर्यंत रांगेत होती, आत पाऊल टाकल्यावर रांग कुठे गेली ते बाईंनाही सांगता आलं नाही. मी व्हरांड्याच्या खांबाला टेकून उभी होते. परीक्षक बावीस आणि एकालाही लिहिता येत नव्हतं. त्यांनी दारं बोटाने ढकलून पाहिली नाहीत, ती धाडकन लावली, उघडली, पुन्हा लावली. नळ सगळे एकदम सोडले आणि मग, हे मी मोजलं, एक सोडून सगळे बंद केले. खालच्या काचेला नाकं चिकटवून आत चौघं आणि बाहेर चौघं एकमेकांना जीभ दाखवत बसले. एकाने दप्तर खुंटीला अडकवलं, काढलं, पुन्हा अडकवलं, आणि शेजारच्याचंही अडकवून दिलं. एकजण संडासातून बाहेर येऊन सगळ्यांना मोठ्याने सांगू लागला, ‘मी एकटा जाऊन आलो! मी एकटा जाऊन आलो!’ बाईंनी डोळ्यांना रुमाल लावला. जुन्या जागेत दिवसाला चाळीस वेळा त्याच उचलून बसवत होत्या.

दुपारी आवारात मातीचे डोंगर झाले. आजोबांनाही एका डोंगरावर हात थापायला लावलं गेलं. मग ते हात धुवायला आत आले आणि बेसिनपाशी अडले. नळ त्यांच्या मांडीला लागत होता. ते वाकायला गेले, अर्ध्यावर थांबले, मागे सरकले. बारकी तिथेच होती, ती त्र्याण्णव सेंटिमीटरवाली. तिने त्यांच्याकडे खालून वर पाहिलं.

‘तुला येत नाही का?’

‘नाही ग. गुडघे वाकत नाहीत.’

‘मग बस खाली.’

मी पुढे धावले, पण बाबांनी माझा दंड धरला. आजोबा भिंतीला धरून, कण्हत, टप्प्याटप्प्याने फरशीवर बसले. बारकीने नळ सोडला, त्यांचे हात एकेक करून पाण्याखाली धरले, नखं चोळली, ‘इथे राहिलंय’ म्हणून दटावलं, आणि दोघंही कोपरापर्यंत भिजल्यावर नळ घट्ट बंद केला. टॉवेल तिच्या हाताशीच होता. आजोबा इतक्या मोठ्याने हसले की इमारतीतली सगळी मुलं काय झालं ते बघायला आली.

चार वाजता आईवडील न्यायला आले. कुणी निघेना. एक मुलगी खालच्या खिडकीशी झोपली होती, एक जण दाराचं हँडल धरून बसला होता. आम्ही आजोबांना उठवून खुर्चीत बसवलं. पँट ओलीचिंब. त्यांनी मला जवळ बोलावलं.

‘या इमारतीत मला एक गोष्ट धड जमली नाही,’ ते म्हणाले. ‘दार उघडताना वाकलो, खुंटीला टोपी लावताना वाकलो, हात तर ती म्हणाली तसे धुतले. साठ वर्षं मी प्रत्येक घरात जाऊन एवढंच बघत आलो की मला जमतंय का. तुझी आजी मला सांगायची. मी ऐकायचो नाही, आणि तुम्ही सगळे मात्र माझंच ऐकत राहिलात. चूक तू केलीस, पण शिकवली मी.’

इथे मी गप्प बसायला हवं होतं. पण स्वभाव जातो कुठे? ‘ते सगळं ठीक आहे आजोबा,’ मी म्हणाले, ‘मी पास की नापास, ते सांगा.’

‘मला काय विचारतेस?’ त्यांनी हाक मारली, ‘बारके, ए बारके! इकडे ये. ही विचारतेय, इमारत चांगली झाली का?’

बारकी एका पायात बूट घालून लंगडत आली. तिने मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं.

‘ही कोण?’

‘हिने बांधली ना ही इमारत.’

बारकीने जोरात मान हलवली. तिला हे अजिबात पटलं नाही. ‘हिची नाही,’ ती म्हणाली. ‘ही आमची आहे.’ आणि तिच्या आईने दुसरा बूट चढवून तिला ओढत नेईपर्यंत ती माझ्याकडे वळून वळून बघत होती, मी काही घेऊन तर जात नाही ना म्हणून.

आजोबांनी ओल्या खिशातून चावी काढून माझ्या हातावर ठेवली. बाई समोरच उभ्या होत्या. मी रडत रडत त्यांना ती दिली, आणि त्याही रडत होत्या म्हणून ती दोघींच्या हातांतून निसटून खाली पडली. काकाने उचलून दिली.